नागोयात राहून खानापूरची कटिंग

खानापूर तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या मापाने धातू कापणाऱ्या, मशीनवर काही वर्षे काम केल्यानंतर ते आता जपानमध्ये, नागोयाजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. तिकडे पोहोचल्यावर पहिल्यांदा केस वाढले तेव्हा ते स्टेशनसमोरच्या एका झकपक सलूनमध्ये गेले आणि भाषा येत नसल्यामुळे भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवून बसले. तासाभराने बाहेर पडले ते कपाळावर झालर, कानांवर लोंबणारे केस आणि त्या केसांखाली बाजू साफ कापलेल्या, अशा अवतारात. व्हिडिओ कॉलवर आजी काही बोलली नाही, पण बहिणीला हसू आवरले नाही. तेव्हापासून ते रात्रपाळी नसलेल्या दिवशी मध्यरात्री न्हाणीघरात उभे राहून, गावाहून नेलेल्या मशीनने आपले केस आपणच कापतात. अलीकडे मशीनची कंगवी निसटली आणि उजव्या कानामागे कातडी दिसेल असा पट्टा उमटला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातील दोघे-तिघे ‘साप्पारी शिता ने’ असे म्हणाले. ही थट्टा होती का, हे त्यांना कळलेले नाही. घरच्या घरी केस कापणे आजीला अशुभ वाटते, आणि तिकडची पद्धत नाकारणे हा आपला आडमुठेपणा तर नाही ना, असे त्यांना स्वतःलाही वाटते. दिवाळीनंतर बहिणीचे लग्न आहे, त्यापूर्वी डोके माणसांत आणायचे आहे. काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील सर्वांत सोपी गोष्ट आधी संपवून टाकू. ‘साप्पारी शिता ने’ हे तिकडे केस कापून आलेल्या कोणालाही म्हटले जाणारे साधे, सौजन्याचे वाक्य आहे. डोके हलके झाले, मोकळे दिसू लागले, एवढाच त्याचा भाव. आपल्याकडे कटिंग करून कट्ट्यावर गेलेल्या माणसाला ‘काय, आज कुठे दौरा?’ असे विचारतात, त्या मानाने तुमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला फारच सभ्यपणे वागवले आहे. कानामागचा पट्टा त्यांनी पाहिला असेलच, पण त्यावर बोलणे त्यांनी टाळले, आणि ते तुम्हीही आता मनावर घेऊ नये.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. तुम्ही लिहिता की गावी असताना कटिंगचा कधी विचारच करावा लागला नाही; खुर्चीत बसायचे, वर्तमानपत्र उघडायचे आणि उठताना पैसे द्यायचे. याचा अर्थ असा की तुमच्या डोक्याची सगळी माहिती इतकी वर्षे तुमच्यापाशी नव्हती; ती खानापुरातल्या त्या सलूनवाल्यांच्या हातात होती. भोवरा कुठे आहे, डावा कल्ला उजव्यापेक्षा विरळ आहे की दाट, मानेवरचे केस कोणत्या दिशेने वळतात, मागचा भाग किती वर घेतला की कवटीचा उंचवटा उघडा पडतो, हे त्यांना न विचारता माहीत होते आणि तुम्हाला कधी सांगावे लागले नाही. नागोयातल्या त्या पहिल्या खुर्चीत तुम्ही बसलात तेव्हा भाषा येत नव्हती हे खरे, परंतु भाषा उत्तम येत असती तरी तुम्ही काय सांगितले असते, याचा विचार करून पाहा. आपल्या सीमाभागातला माणूस भाषेला एवढा घाबरणारा नव्हे. धारवाडला किंवा हुबळीला नोकरीनिमित्त गेलेला आपल्याकडचा कोणताही मुलगा ‘स्वल्प सण्ण माडरी’, म्हणजे ‘थोडे बारीक करा’, असे म्हणून निर्धास्त मान पुढे करतो, कारण समोरच्याला त्या दोन शब्दांपलीकडचे सगळे आधीच ठाऊक असते. बेळगावात तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे ‘मिलिटरी कट’ म्हणजे काय, हे कुठल्याही गल्लीतल्या सलूनमध्ये समजावून सांगावे लागत नाही. नागोयात हे गृहीत धरलेले काहीच चालत नाही. म्हणून माझा सल्ला असा आहे की केस घरी कापायचे की दुकानात, हा वाद थोडा बाजूला ठेवा आणि आधी स्वतःच्या डोक्याचे मोजमाप शिका. ते एकदा कागदावर आले की दोन्ही मार्ग तुम्हाला मोकळे होतील, आणि ज्याला मिलिमीटरच्या हिशेबात रोज काम करावे लागते त्याला हे अवघड जाण्याचे कारण नाही.

त्या पहिल्या कटिंगबद्दल थोडे समजून घेतले तर तुमचा रागही निवळेल. तुम्ही वर्णन केलेली पद्धत तिकडे ‘टू-ब्लॉक’ म्हणून ओळखली जाते. खालचा थर मशीनने आखूड कापायचा, वरचा थर लांब ठेवून त्यावर सोडायचा आणि दोन्हींच्या मध्ये उतार ठेवायचाच नाही, अशी तिची रचना आहे. ती फॅशन म्हणून रुळली असली तरी तिच्यामागे केसांचा स्वभाव आहे. पूर्व आशियातील लोकांचे केस सर्वसाधारणपणे जाड, सरळ आणि आडव्या छेदात गोलसर असतात. असे केस कानांच्या वर मध्यम लांबीचे ठेवले तर ते खाली बसत नाहीत, बाजूंना उभे राहतात आणि डोके रुंद दिसू लागते. आतला थर काढून टाकला की वरचे केस सरळ खाली पडतात आणि ही तक्रार मिटते. आपल्याकडचे केस बहुधा त्यापेक्षा बारीक आणि थोडे वळणदार असतात, त्यामुळे तोच कट आपल्या डोक्यावर पडत नाही, फुगतो. तेव्हा त्या कारागिराने काम वाईट केले असे मुळीच नाही. तुम्ही ज्या चित्राकडे बोट दाखवले ते त्याने चोख उतरवले, फक्त ते चित्र दुसऱ्या प्रकारच्या केसांचे होते. आणि ही पद्धत तिकडेही सर्वांना निमूटपणे मान्य झालेली नाही, हेही जाता जाता सांगावेसे वाटते. टोकियो महानगराच्या कित्येक सरकारी उच्च माध्यमिक शाळांत मुलांना टू-ब्लॉक ठेवण्याची मनाई होती आणि ती २०२२ च्या एप्रिलपासून उठवण्यात आली. म्हणजे तुमच्या आजीच्या मताचे मुख्याध्यापक जपानातही होते.

ती पद्धत न स्वीकारण्यात आडमुठेपणा आहे का? मला तसे वाटत नाही. जेवणाखाण्यात, कामाच्या शिस्तीत, शेजाऱ्यांशी वागण्यात परक्या ठिकाणच्या रीती शिकून घ्याव्यात, कारण त्यांचा संबंध दुसऱ्यांशी येतो. डोक्यावरचे केस कसे ठेवावेत याचा तुमच्या शेजाऱ्यांना काही उपद्रव नाही. मात्र एकदा पसंत न पडलेल्या कटिंगच्या धास्तीने वर्षभर दुकानाची पायरीच चढायची नाही, याला मी आवड म्हणणार नाही. आणि दुकानाची निवड करताना तुमची जी गफलत झाली ती तिकडे नव्याने गेलेल्या पुष्कळांची होते.

जपानात केस कापण्याचे दोन निरनिराळे व्यवसाय आहेत आणि दोघांचे परवानेही वेगळे आहेत. ‘रियोशी’ म्हणजे आपल्या अर्थाने कटिंग-दाढी करणारे, त्यांचा कायदा १९४७ सालचा. आणि ‘बियोशी’ म्हणजे केशरचना व सौंदर्योपचार करणारे, त्यांचा स्वतंत्र कायदा १९५७ सालचा. वस्तऱ्याने दाढी करणे हे रियोशींचे काम आहे आणि मशीन व कात्रीने आखूड, उतरते केस कापण्यात त्यांचा हात बसलेला असतो. तुम्ही स्टेशनसमोर ज्या झकपक ठिकाणी शिरलात ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असावे. तुम्हाला हवे आहे ते दुकान वस्तीत, जरा आतल्या रस्त्यावर सापडेल. दारापाशी लाल, निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचा फिरता खांब असेल आणि आत बहुधा साठीच्या पुढचे गृहस्थ असतील. तिथे गरम टॉवेल, साबणाचा फेस आणि वस्तऱ्याची दाढी मिळते, आणि कपाळावरची लवदेखील काढून देतात. तुम्हाला खानापूरची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. पैसे वाचवणे हा हेतू असेल तर दहा मिनिटांत नुसते केस कापून देणारी दुकाने आहेत. १९९६ साली टोकियोत या पद्धतीचे पहिले दुकान निघाले तेव्हा दर एक हजार येन होता. आता तो वाढला असला तरी मोठ्या सलूनच्या निम्म्याहूनही कमी पडतो. तिथे दारातल्या यंत्रातून तिकीट घ्यायचे, डोके धुणे नाही, दाढी नाही, आणि शेवटी एका नळीने मानेवरचे केस ओढून घेतात. कारागीर कुशल असतात, पण वेळ मोजका असल्यामुळे मोघम सांगून चालत नाही, आकडा सांगावा लागतो. आकडा सांगितला की मात्र काम झटपट होते, कारण तिकडचे कारागीरही मिलिमीटरमध्येच बोलतात आणि त्याला ‘मिरी’ म्हणतात. ‘योको तो उशिरो वा रोकु मिरी’, म्हणजे बाजू आणि मागचा भाग ६ मिलिमीटर. ‘उए वा सुकोशी दाके’, म्हणजे वरचे अगदी थोडे. आणि ‘मिमि वा दाशिते कुदासाई’, म्हणजे कान मोकळे ठेवा. ही तीन वाक्ये तुम्हाला त्या झालरीपासून कायमची वाचवतील. जोडीला स्वतःचेच, गावी केस नीट कापलेले असतानाचे, समोरून, बाजूने आणि मागून काढलेले फोटो फोनमध्ये ठेवा; ते नसतील तर बहिणीच्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये मागून काढलेला एखादा फोटो नक्की सापडेल. परक्या नटाच्या फोटोपेक्षा आपल्याच डोक्याचा फोटो कारागिराला कितीतरी जास्त सांगून जातो.

हे सगळे सांगितले तरी मी घरच्या कटिंगच्या विरोधात नाही. कारखान्यात दिवसभर टोपी घालणाऱ्याला मानेवर आणि कानांभोवती दर तीन आठवड्यांनी साफसफाई लागतेच, आणि तेवढ्यासाठी दर वेळी दुकानात जाणे वेळेच्या आणि पैशाच्या दृष्टीने परवडणारे नाही. माझी वाटणी अशी असेल की दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या फिरत्या खांबाच्या दुकानात जाऊन मूळ आकार करून घ्यावा आणि मधल्या काळात तो आकार घरी राखावा. आकार नव्याने घडवणे कठीण असते, घडलेला राखणे त्या मानाने सोपे.

आता तुमच्या मशीनकडे वळू, कारण पत्रात तुम्ही ‘मशीन केस ओढते’ असे ओझरते लिहिले आहे आणि मला वाटते अर्धा घोटाळा तिथेच आहे. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. तुमच्या मशीनच्या किंवा तिच्या चार्जरच्या पट्टीवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तर चपट्या पिनांचा जोड लावला की काम भागते. तिथे फक्त २२० किंवा २३० लिहिलेले असेल, तर थेट वायरवर चालणारी मशीन तिकडे मंदावते, पाती पुरेशा वेगाने हलत नाहीत आणि केस कापले जाण्याऐवजी पात्यांत अडकून ओढले जातात. तुमच्यासारख्या माणसाला हे अधिक उलगडून सांगायला नको. अशा वेळी हट्ट न करता तिकडेच एक साधी मशीन विकत घ्यावी; तिच्या कंगव्या बहुधा ३, ६, ९ आणि १२ मिलिमीटरच्या असतात. आपल्याकडच्या सलूनमध्ये ‘दोन नंबर’ म्हणतात तो साधारण ६ मिलिमीटर, ‘तीन नंबर’ साडेनऊ आणि ‘चार नंबर’ पावणेतेरा धरला तर हिशेब जुळतो. फक्त तिकडची मशीन लग्नाला येताना सोबत आणून खानापुरातल्या प्लगमध्ये खुपसू नका; तिच्यावर नुसते १०० व्होल्ट लिहिलेले असेल तर ती जळेल.

कापण्याची वेळ मध्यरात्रीची नको. न्हाणीघरातला एकुलता एक दिवा डोक्यावर असतो, त्यामुळे कानामागे आणि मानेवर तुमचीच सावली पडते, आणि नेमके तिथेच तुम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. सुटीच्या दिवशी सकाळी खिडकीसमोर बसा. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून समोर दुसरा आरसा उभा ठेवला की मागचा भाग दिसतो, पण दोन आरशांत हात उलटसुलट जातो, म्हणून पहिल्या वेळी मशीन बंद ठेवून नुसती फिरवून बघावी. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने हे करू नका. तो धरण्यात एक हात अडकतो, आणि तो हात तुम्हाला दुसऱ्या कामासाठी हवा आहे.

केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि बिनतेलाचे असावेत. तेलकट केसांचे पुंजके होतात आणि कंगवीत अडकतात. ओले केस ताणले जाऊन लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात, त्यामुळे अंदाज चुकतो. सुरुवात नेहमी सर्वांत मोठ्या कंगवीने करावी. १२ मिलिमीटरने दोन्ही बाजू आणि मागचा भाग, केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, खालून वर घ्यावा. त्यानंतर ९ मिलिमीटर, पण कवटी जिथे आत वळू लागते त्या उंचवट्याच्या खालीच थांबावे. आणि सर्वांत शेवटी ६ मिलिमीटर, तो केवळ कानाच्या वरच्या टोकापर्यंत. प्रत्येक वेळी वर पोहोचताना मशीन डोक्यापासून बाहेर वळवत न्यावी, म्हणजे दोन मापांच्या मध्ये पायरी पडत नाही. ही बाहेर वळण्याची क्रिया मनगटाची आहे, खांद्याची नव्हे, आणि घरी कापणाऱ्या बहुतेकांची पायरी इथेच पडते. लेथवर तुम्ही हे तत्त्व रोज पाळता: माल काढता येतो, परत चढवता येत नाही, म्हणून पहिला काप कधीच अंतिम मापाला घ्यायचा नसतो.

वरच्या भागाला मशीन लावूच नये. तिथे केस थोडे ओलसर करून, कंगव्याने वर उचलून दोन बोटांत धरावेत आणि केस कापण्याच्याच कात्रीने, कात्री उभी धरून, टोके टिपावीत. आडवी कात्री चालवली तर सरळ रेघ उमटते आणि ती लपत नाही. स्वयंपाकघरातली किंवा कागदाची कात्री केसांना चेपते, कापत नाही. जेवढे कमी करायचे वाटते त्याच्या निम्मे कापून थांबावे आणि वाळू द्यावे. टाळूवरच्या भोवऱ्यापाशी तर आणखी सेंटिमीटरभर जास्त राखावे, कारण भोवऱ्यावरचे केस आखूड झाले की चक्राकार उभे राहतात आणि दिवसभर पाणी लावूनही बसत नाहीत. दुकानात गेलात तर भोवऱ्याला ‘त्सुमुजि’ म्हणतात आणि तिथे बोट ठेवून एवढा एक शब्द उच्चारला तरी जाणता कारागीर समजून घेतो.

मानेवरची रेघ ही सर्वांत फसवी जागा. डाव्या हाताची तर्जनी मानेवर आडवी टेकवून ती कड म्हणून धरावी आणि मशीन खालून त्या बोटापर्यंतच आणावी. बोट आहे तोवर रेघ वर सरकत नाही. रेघ फार वर, चौकोनी आणि कोरीव घेण्याचा मोह टाळा, कारण आठ-दहा दिवसांत खाली खुंट दिसू लागतात आणि मग ती राखण्यासाठी सारखी मशीन हातात घ्यावी लागते. केस आपोआप जिथे संपतात तिथलीच किनार साफ करणे पुरे. कल्ले दोन्ही बाजूंना सारखे येण्यासाठी कानाच्या भोकाशी नव्हे, तर गालाच्या हाडाशी माप धरावे, कारण पुष्कळ माणसांचे दोन कान एका उंचीवर नसतात.

कंगवी निसटण्याबद्दल: ती खटकन बसल्याचा आवाज ऐकल्याखेरीज मशीन डोक्याला लावू नये आणि दर चार-पाच हातांनंतर एकदा अंगठ्याने दाबून पाहावी. पात्यांमधले केस ब्रशने झाडून एक-दोन थेंब तेल प्रत्येक वेळी द्यावे. कोरड्या पात्यांच्या मशीनवर नकळत जोर दिला जातो आणि त्या जोरानेच कंगवी सुटते. कापलेले केस मोरीत वाहू देऊ नका. छोट्या घरातल्या न्हाणीघराची जाळी लगेच तुंबते आणि मग घरमालकाशी बोलण्यासाठी लागणारी जपानी भाषा सलूनमधल्या भाषेपेक्षा अवघड असते. खाली वर्तमानपत्र पसरावे आणि ते गुंडाळून जाळण्याच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकावे.

उजव्या कानामागचा पट्टा मात्र नुसता वाट पाहून भरणार नाही, ही गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. केस साधारण महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढतात. पण पट्ट्यातले केस जसे वाढतात तसेच भोवतालचेही वाढतात, त्यामुळे दोहोंमधला फरक होता तेवढाच राहतो. कंगवीविना मशीन फिरल्याने तिथे सुमारे एक मिलिमीटर उरला असेल आणि भोवताली ९ मिलिमीटर असतील, तर साडेतीन आठवडे त्या भागाला अजिबात हात लावू नका आणि नंतर त्या अख्ख्या बाजूवर पुन्हा ९ मिलिमीटरची कंगवी फिरवा. तोवर पट्टा ९ पर्यंत पोहोचलेला असेल, भोवतालचे वाढलेले केस उतरतील आणि दोन्ही एका पातळीला येतील. मधल्या काळात तो लपवण्यासाठी बाकीचे डोके आखूड करत सुटलात तर शेवटी चकोटच करावा लागेल, आणि बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर चकोट केलेले डोके घेऊन घरी आलात तर आजी दारातच थबकेल. आपल्याकडे त्याचा अर्थ काय घेतला जातो, हे तुम्ही जाणता.

आजींच्या आक्षेपाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुम्ही तो ‘जुन्या समजुती’ या दोन शब्दांत उरकला आहे. अमावस्येला, शनिवारी किंवा दिवेलागणीनंतर केस कापू नयेत, असे आपल्या घरांत मानतात, आणि तुम्ही तर मध्यरात्री कापता व फोनवर ते सांगताही. त्यातली वेळ बदलणे तुमच्या हातात आहे आणि उजेडाच्या कारणासाठी ती मी आधीच बदलायला सांगितली आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही मशीन हातात घेतलीत तर आजींच्या घड्याळात साडेपाच वाजलेले असतील, दिवेलागणीचा प्रश्नच येत नाही. परंतु त्यांच्या मनात याहून काही निराळे असावे, असा माझा अंदाज आहे. त्यांच्या लहानपणी गावचा नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्याला दर वेळी पैसे द्यायचे नसत, सुगीला धान्याचा वाटा जायचा, आणि त्याच्या बदल्यात घरातल्या सगळ्या पुरुषांची डोकी, बाळाच्या जावळापासून लग्नातल्या नवरदेवाच्या दाढीपर्यंत, त्याच्याकडे असत. त्या व्यवस्थेत अन्याय होता आणि ती गेली हे बरेच झाले. पण आपले केस आपणच कापून घेणारा माणूस म्हणजे ज्याचे गावात कोणी नाही असा माणूस, ही प्रतिमा त्या काळातून त्यांच्या डोळ्यांसमोर राहिली असेल, तर ती समजूत म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. नातू परमुलखात एकटा आरशासमोर उभा आहे, एवढेच त्यांना दिसते. म्हणून त्यांना शकुनाविषयी पटवत बसू नका. पुढच्या वेळी त्या फिरत्या खांबाच्या दुकानात गेलात की म्हाताऱ्या कारागिराची परवानगी घेऊन खुर्चीतूनच त्यांना कॉल लावा. आपल्या नातवाच्या मानेवर कोणी वडीलधारा माणूस गरम टॉवेल ठेवतो आहे, हे पाहिले की त्यांची निम्मी तक्रार उतरेल.

राहता राहिले खानापूरचे सलूनवाले. इतर कोणाकडून, त्यातही स्वतःच्या हाताने, केस कापून घेतल्याबद्दल ते रागावतील, ही पत्रात तुम्ही लिहिलेली भीती मनातून काढून टाका. आपल्या भागात एकाच दुकानात संत सेना महाराज आणि कन्नड नाभिक समाजाचे संत हडपद अप्पण्णा शेजारी शेजारी टांगलेले असतात, मराठी आणि कन्नड गिऱ्हाईक एकाच बाकावर वाट पाहत बसते. तिथल्या माणसाला परगावच्या हाताचे कसलेच अप्रूप नसते, आणि दुसऱ्याने बिघडवलेले डोके सरळ करून देण्यात तर त्याला वेगळेच समाधान मिळते. उलट तुम्हीच त्यांच्याकडून एक काम करून घ्यायचे आहे. लग्नासाठी येण्याच्या आधी निदान पाच-सहा आठवडे घरची मशीन पूर्ण बंद ठेवा, फक्त मानेवरची लव काढत चला. तेवढ्या काळात सव्वा ते दीड सेंटिमीटर केस हाताशी येतील आणि त्यांना आकार द्यायला वाव राहील. लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी दुकानात तुमचेच मामा-काका रांगेत असतील, आणि ताज्या कटिंगची पांढरी किनार फोटोत उठून दिसते. तीन-चार दिवस आधी, दुपारच्या निवांत वेळी जा, बसल्याबरोबर उजव्या कानामागची जागा स्वतःच दाखवा, आणि या वेळी वर्तमानपत्र न उघडता ते कुठे कोणती कंगवी लावतात, कुठे कात्री घेतात आणि भोवऱ्यापाशी हात कसा वळवतात ते एकेक करून विचारा आणि फोनमध्ये टिपून घ्या. कटिंग झाल्यावर मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला त्यांनाच सांगा; तुम्हाला हवा तो कोन त्यांना बरोबर कळेल.